पंच्याहत्तर इंच, निळसर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हे आपलं ठरलेलं मी पाळतो आहे. फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतेस आणि मग मी चिडतो. पत्रात निदान माझं वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचतं.

तर बातमी अशी की मागच्या खोलीत मी होम थिएटर करतोय. लेक नोकरीच्या गावी कायमची गेल्यापासून ती खोली इस्त्रीच्या टेबलाला आणि रिकाम्या बॅगांना आंदण दिल्यासारखी झाली आहे. हसू नकोस. पस्तीस वर्षं मी वीज उपकेंद्रात पाळ्या केल्या. त्या पस्तीस वर्षांत किती सिनेमे शेवटपर्यंत पाहिले असतील मी? एकही नाही. मध्यंतर झालं की थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन रांगेत यायचा, "उपकेंद्राचे साहेब कोण? फोन आलाय." खुनी कोण होता ते तुझी भावजय घरी आल्यावर सांगायची, आणि तेही खात्रीनं नाही.

आता निवृत्त होऊन आठ महिने झाले. खोली चौदा फूट लांब, अकरा रुंद. तीन आठवडे मी टीव्हीची दुकानं पालथी घालतोय. सेल्समन म्हणतो, "काका, पंच्याऐंशी इंच घ्या. आज मोठा वाटेल, महिन्यानं लहान वाटायला लागेल." तुझी भावजय म्हणते, "त्रेचाळीस पुरे. त्याहून मोठी तोंडं मला घरात नकोत." दुकानात वीस टीव्ही एकदम चालू असतात आणि ज्याच्यासमोर उभं राहावं तोच सगळ्यात चांगला वाटतो. घरी येतो, जेवायला बसतो, आणि दुसराच चांगला होता असं वाटून परत निघतो. सेल्समन आता मला खुर्ची देत नाही.

तू चौतीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात कापडाच्या छटा पास केल्यास. आम्हाला जिथं नुसतं पांढरं दिसतं तिथं तुला अकरा पांढरे दिसायचे. गिरणीत म्हणायचे ना, बाईंनी पास केलं म्हणजे उन्हानं पास केलं? मग तूच ये आणि टीव्ही पास करून दे. तू बोट ठेवशील तो मी घेईन. तोवर मला काही झोप लागायची नाही.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानं फिरणं आधी बंद कर.

सोफा मागच्या भिंतीला लावलास तर बसलेल्या माणसाचे डोळे भिंतीपासून अडीच फूट पुढे येतात. टीव्ही समोरच्या भिंतीपासून चार इंच बाहेर येईल. चौदा फुटांतून हे वजा केल्यावर एकशे चौतीस इंच उरतात. त्याला पावणेदोननं भाग. साडेशहात्तर. म्हणजे पंच्याहत्तर इंचांचा घ्यायचा. एका भागाकाराचं काम होतं, त्यासाठी तू तीन आठवडे उंडारलास.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. लोक टीव्ही भिंतीवर घड्याळासारखा वर टांगतात आणि मग मान दुखते म्हणून मलम आणतात. समोरची भिंत पांढरी ठेवू नकोस, मळकट राखाडी दे. खिडकीला जाड पडदा. दुकानातले टीव्ही दुकानापुरते भडक करून ठेवलेले असतात, त्यावर विसंबायचं नाही. चित्र सिनेमाच्या मोडवर घ्यायचं, दुकानातले दिवे बंद करायला लावायचे आणि माणसांचे चेहरे बघायचे. फुलं आणि पोपट बघून टीव्ही घेणारा फसतो. चेहऱ्याचा रंग प्रत्येकाला ठाऊक असतो, तिथं लबाडी चालत नाही.

रंगाचं मी येऊन बघते. शनिवारी सोळाला सकाळच्या गाडीनं पोचेन. माझी छटांची कार्डं आणते. सेल्समनला सांगून ठेव की मला काका-मावशी केलेलं चालत नाही.

गिरणीचं ऐकायचं असेल तर ऐक. निवृत्तीनंतर मला सल्लागार म्हणून ठेवलंय, ते मे महिन्यात पुन्हा ठरायचं आहे. त्यात नवी तपासनीस आली आहे. पंचविशीची, पदवीवाली, हुशार, पण उतावीळ. मी पास केलेला दवाखान्याच्या चादरींचा लॉट तिनं अडवला. तुकडा घेऊन थेट गच्चीवर उन्हात गेली आणि मॅनेजरला वर बोलावून म्हणाली, हा नमुन्यापेक्षा पिवळा आहे. छटा तपासायच्या माझ्या पेटीतल्या दिव्याखाली दोन्ही तुकडे एक होते. एक म्हणजे एक. पण मॅनेजरनं तिचं ऐकलं. आता रंग मोजायचं यंत्र आणायचं घाटतं आहे.

चौतीस वर्षांत माझा लॉट कुणी गच्चीवर नेला नव्हता.

ताई


२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू गेल्यापासून पत्र लिहायला बसतोय, पण मागच्या खोलीतून उठवत नाही.

तुझी त्या दुकानात कीर्ती झाली आहे. परवा स्पीकरची वायर आणायला गेलो तर सेल्समननं उठून खुर्ची दिली आणि विचारलं, "मॅडम बरोबर नाहीत ना?" भर शनिवारच्या गर्दीत अख्ख्या मजल्याचे दिवे घालवायला लावणारी बाई त्यानं आधी पाहिली नव्हती. आणि पाच टीव्ही तू "पिवळट", "पिवळट" म्हणत हातानं बाजूला सारलेस, ते तर तो नक्कल करून दाखवतो. सहाव्याला तू "हा त्यातल्या त्यात" म्हणालीस तेव्हा त्यानं कपाळ पुसलं.

टीव्ही मापात एकदम चपखल बसला आहे. पावणेदोनचा भागाकार शेजाऱ्यांनाही सांगितला. पडद्याची उंची, राखाडी भिंत, जाड पडदा, सगळं तू सांगितलंस तसंच आहे. रविवारी तू कार्डं पडद्याशेजारी धरून दोन तास रंगाचे जे आकडे बसवलेस, ते कागदावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवले आहेत. कुणाला हात लावू देत नाही.

चित्र झकास आहे. तुझ्या भावजयीनं पहिल्या दिवशी एवढंच विचारलं की हिरोला थंडी वाजते आहे का. तिचं तू मनावर घेऊ नकोस, तिला कशाचीही चेष्टा लागते.

सिनेमा मात्र अजून एकही पुरा झालेला नाही. आता फोन येत नाही, टॉर्चवाला येत नाही, तरी तासाभरानं मीच उठतो. सवय गेली नाही, दुसरं काय.

तुझा,
धाकटा


३१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

थंडी वाजते म्हणजे काय?

तुझ्या बायकोनं चेष्टा केली असेल, पण तू ती मला कळवलीस, म्हणजे तुझ्याही मनात काहीतरी आहे. चेहरे तुम्हाला निळसर वाटत असतील तर त्याचं कारण सरळ आहे. तुमच्या घरात वर्षानुवर्षं पिवळे दिवे. डोळ्याला पिवळ्याची सवय झाली की खरा पांढरा निळा वाटतो. पंधरा दिवस बघत राहा, डोळा वळणावर येईल. आकड्यांना हात लावू नका.

दिव्यांचं आजकाल सगळंच बिघडलं आहे. माझ्या खोलीतली ट्यूब मळकी वाटायला लागली म्हणून बदलली. नवीही तशीच. तीही बदलली. तिसऱ्यांदा वायरमन आला, ट्यूबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाई, याहून पांढरी ट्यूब कंपनी बनवत नाही." मग माल बनवणारेच बिघडले म्हणायचे. गिरणीतल्या पेटीचे दिवेही मी बदलून मागितले आहेत. स्टोअरवाला कुरकुरतो, कारण ते त्यानं जानेवारीतच बदलले होते.

यंत्राचं प्रकरण पुढं गेलंय. मॅनेजरनं सव्वीस एप्रिलला चाचणी ठेवली आहे. कापडाच्या तुकड्यांच्या साठ जोड्या. एकेक जोडी बघून सांगायचं, एक आहे की वेगळी. मी बसायचं आणि ती पोरगीही बसणार. दोघींचं बघून मे महिन्यात ठरवणार. मला म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी ही केवळ औपचारिकता आहे." औपचारिकता असेल तर ठेवतोस कशाला, असं मी विचारलं. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

मी घाबरलेली नाही. पण गिरणीतली माझी तपासणीची खोली गेली तर सकाळी साडेआठला मी कुठं जायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. घरात बसून मी कपाटातल्या साड्या रंगानं लावते, काढते, पुन्हा लावते. काल तिसऱ्यांदा लावल्या. मोतिया आणि पांढरी शेजारी ठेवल्या होत्या आणि क्षणभर मला आठवेना कुठली कुठली. मन थाऱ्यावर नसलं की असं होतं.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. वायरमन बदलून बघ. तिकडं व्होल्टेज कमी मिळत असेल, त्यानंही ट्यूब मंद होते. मी पस्तीस वर्षं हेच केलं, माझं ऐक.

टीव्ही उत्तम चालू आहे. आकडे तसेच आहेत. तू म्हणालीस तसा आमचा डोळा हळूहळू वळणावर येतोय.

चाचणीची काळजी करू नकोस. ती पोरगी तुझ्यापुढं काय टिकणार. तरी पण आधी जरा विश्रांती घे, चष्म्याचा नंबर वगैरे एकदा सहज बघून घे. सहज म्हणतोय.

बाकी विशेष नाही.

तुझा,
धाकटा


७ एप्रिल

वन्सं,
स. न.

यांनी काल तुम्हाला पत्र टाकलं. लिहिताना चार कागद फाडले आणि पाचव्यावर खोटं लिहिलं. म्हणून हे मी वेगळं लिहिते आहे, यांना न सांगता. तुम्ही रागावणार. रागवा.

टीव्हीवर तुमचे आकडे नाहीत. तुम्ही सोमवारी गाडीत बसलात आणि त्याच संध्याकाळी यांनी कंपनीचे आकडे परत लावले. तुमच्या आकड्यांवर माणसं बुडून मेल्यासारखी दिसत होती, ओठसुद्धा निळे. तुम्ही गेलात आणि त्याच दुपारी लेक दोन दिवसांसाठी आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "बाबा, यांना काय झालंय?" तुम्ही यायच्या असाल तेव्हा परत तुमचे आकडे लावायचे, असं यांचं ठरलं आहे. कागद जपून ठेवला आहे तो त्यासाठी.

मी म्हटलं, ताईंना सांगा. हे म्हणाले, "तिला आजवर कुणी चूक म्हटलेलं नाही, मी पहिला कशाला होऊ?" पस्तीस वर्षं लाखो व्होल्टशी खेळले, पण मोठ्या बहिणीला भितात.

आता माझं ऐका. मागच्या वर्षी माझ्या डोळ्यांची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे. पट्टी काढून घरी आले आणि स्वयंपाकघरात गेले तर फरशा पांढऱ्या. मी दोन वर्षं त्या पिवळ्या पडल्या म्हणून घासत होते, यांना बोलत होते, फरशीवाल्याला शिव्या घालत होते. फरशी जागच्या जागी होती. डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि आपल्याला कळत नाही, कारण हळूहळू होतं आणि सगळंच एकदम पिवळं होतं. तुम्ही दुकानात "पिवळट, पिवळट" म्हणत होतात ना, तेव्हाच मला माझ्या फरशा आठवल्या होत्या. तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक. ट्यूबचं वाचलं आणि राहवेना.

तुमची चाचणी सव्वीसला आहे. चार माणसांदेखत कळण्यापेक्षा त्याआधी डॉक्टरकडे जा. मी सोबत यायला तयार आहे.

तुमची,
वहिनी


११ एप्रिल

चि. धाकट्यास,

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिला वेगळं उत्तर देत नाही, हेच दाखव.

माझे आकडे नको होते तर तसं सांगायचं होतंस. "चित्र झकास आहे," असं तू आपल्या अक्षरात लिहिलंस. "आकडे तसेच आहेत," असंही लिहिलंस. फोनवर भांडण होतं म्हणून आपण पत्रं धरली, ती खोटं नीटनेटकं लिहिता यावं म्हणून नव्हे.

माझ्या डोळ्यांचं मी बघेन. चौतीस वर्षं त्यांच्यावर पोट भरलं आहे. एक टीव्ही निळा दिसला आणि स्वयंपाकघरातल्या फरशा पांढऱ्या निघाल्या, एवढ्यावर माझा निकाल लावायची गरज नाही.

वहिनींनी सोबत येऊ नये.

चाचणी होईपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.

ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतोय. वाचायचं नसेल तर सव्वीसनंतर वाच.

खोटं लिहिलं, चूक झाली. त्याला कारण देत नाही, कारण कुठलंही दिलं तरी तू त्यात चूक काढशील आणि ती बरोबर असेल.

मी फक्त माझ्या धंद्यातलं एक सांगतो. उपकेंद्रात माझ्या पॅनेलवर एक मीटर होता. बावीस वर्षं अचूक. सगळे त्याच्याकडे बघून बाकीचे लावायचे. एकदा तो लोड कमी दाखवायला लागला. आम्ही दोन महिने लाइन तपासली, जोड तपासले, खालच्या माणसांना झापलं. त्या मीटरवर कुणाचा संशयच नाही. शेवटी दुसऱ्या गावाहून एक पोरगा आला, त्यानं पिशवीतून आपला मीटर काढला आणि शेजारी लावला. पाच मिनिटांत कळलं. ताई, त्यात मीटरची अब्रू गेली नाही. तो किती चुकतो ते आधी मोजलं, कागदावर लिहिलं, आणि मग दुरुस्तीला पाठवला. दोन महिने आम्ही आकड्यांकडे बघून जे निर्णय घेतले ते मात्र सगळे परत तपासावे लागले. तो त्रास झाला. पण तो मीटर मी फेकू दिला नाही.

दोन महिने ज्यांना झापलं त्या माणसांची माफी मागायला मीच गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तू तिला सोबतीला नको म्हटलंस ते तिला लागलं आहे. पण दाखवत नाही, फक्त भांडी जोरात ठेवते.

मी टीव्ही लावलेला नाही. त्या खोलीत बसून राहतो आणि काळ्या पडद्यात मीच दिसतो, पंच्याहत्तर इंचांचा. ते काही बघण्यासारखं नाही.

तुझा,
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास, आणि सौ. वहिनींस,
अ. आ.

क्रमानं लिहिते.

तुझं पत्र मी सव्वीसच्या आधीच वाचलं. वीस तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, एकटी. तरुण मुलगी आहे. तिनं दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाली, "आजी, तुमच्या भिंगाचा रंग चहासारखा झालाय." मी तिला आधी आजी म्हणायची बंदी केली, मग विचारलं, किती वर्षांपासून. ती म्हणाली, सांगता येत नाही, पण तीन-चार वर्षं तरी. मी म्हटलं, लिहून द्या. तिनं विचारलं, विम्यासाठी का? म्हटलं, नाही, माझ्यासाठी.

तो कागद पिशवीत घेऊन मी बाहेर आले आणि दवाखान्यासमोरच्या बाकावर बसले. समोर एका दुकानाची पांढरी भिंत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मला ती पांढरीच दिसत होती. तेच वाईट होतं.

घरी येऊन तीन दिवस मी त्या कागदाची घडी उलगडत आणि मिटत राहिले. चाचणीला जायचंच नाही, तब्येतीचं कारण सांगायचं आणि ऑपरेशन करून गुपचूप जूनमध्ये उगवायचं, असंही मनात आलं. मग तुझा मीटर आठवला. किती चुकतो ते मोजल्याशिवाय पाठवायचा नाही.

सव्वीसला गेले. सुरू व्हायच्या आधी डॉक्टरचा कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यानं वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाला, "मग आज राहू द्या ना, बाई. उगीच कशाला." मी म्हटलं, जोड्या मांडा.

साठपैकी माझ्या अडतीस बरोबर आल्या. बावीस चुकल्या, त्यातल्या एकवीस पांढऱ्या, पिवळ्या आणि फिक्या निळ्या. लाल, किरमिजी, तपकिरी, सगळे बिनचूक. पोरीच्या पंचावन्न आल्या. ती तिच्या आकड्याकडे बघेचना, माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, इथं कापड आहे.

मग मी मॅनेजरला म्हटलं की गेल्या चार वर्षांत मी पास केलेली प्रत्येक फिकी छटा परत तपासायची. प्रत्येक लॉटचा तुकडा नोंदवहीत चिकटवलेला असतो, ते सगळं शिल्लक आहे. तो म्हणाला, "बाई, चादरीचा तो एक लॉट सोडला तर कुणाची तक्रार नाही. कशाला उकरून काढायचं?" मी म्हटलं, तक्रार मी करते आहे, लिहून घ्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नऊला आहे. वहिनी, तुम्हाला यायचं असेल तर या. मी नको म्हटलं होतं, ते मागं घेते. यायचं तर आदल्या दिवशी संध्याकाळी पोचा. दवाखान्यात साडेसातला हजर व्हायचं आहे आणि मला उशीर चालत नाही.

ताई


१० मे

हे फक्त यांच्यासाठी.

पोचले, ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. आज पट्टी काढली. मला वाटलं होतं, वन्सं काहीतरी बोलतील. त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून एक डोळा झाकत होत्या, मग दुसरा, मग पहिला. अर्धा तास. मी म्हटलं, कसं वाटतंय? म्हणाल्या, "तुमची साडी जांभळी आहे." मी म्हटलं, जांभळीच आहे, काल संध्याकाळी तुम्हीच म्हणालात की तपकिरीत काय येता सारखं. त्यावर म्हणाल्या, "काल मी चुकले होते." आणि परत डोळा झाकला. हे वाक्य मी लग्नानंतर एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी दोन आठवडे राहते. औषधाचे थेंब त्यांना स्वतः घालता येत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. तुम्ही पोळीभाजीच्या डब्यावर भागवा.


३० मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

वहिनी पंचवीसला सुखरूप पोचल्या हे कळलं. त्यांचा पाय निघाला आणि घर मोकळं मोकळं वाटलं, हे त्यांना सांगू नकोस. किंवा सांग.

काम संपलं. ते कसं झालं ते तुला कळायला हवं, कारण ते तुझ्याच सांगण्यावरून निघालं.

डॉक्टरनं डाव्या डोळ्यासाठी तेवीस तारीख दिली होती. मी म्हटलं, थांबा, मला डावा अजून आठ-दहा दिवस हवा आहे. ती हसली. तिला वाटलं मी घाबरले. तिला समजावत बसले नाही. उजवा डोळा आताचा आणि डावा तेव्हाचा. दोन्ही भिंगं एकदम बदलली असती तर मला कधीच कळलं नसतं की मी नेमकं काय बघून सही केली.

गिरणीच्या नोंदखोलीत रोज साडेआठला जायचं. पोरगी वह्या काढून द्यायची. मी डावा झाकायचा, उजव्यानं नमुना आणि तुकडा बघायचा. वेगळा दिसला की उजवा झाकायचा, डाव्यानं बघायचं. तोच तुकडा नमुन्यात मिसळून जायचा, जणू कधी वेगळा नव्हताच. पुन्हा उजवा. पुन्हा वेगळा. पोरीनं पहिल्या दिवशी विचारलं, "बाई, उजव्यानं कळलं ना? मग डाव्यानं कशाला बघायचं?" मी म्हटलं, मला कळायला हवं की ती चूक होती, निष्काळजीपणा नव्हता. तिनं पुढची वही काढून दिली. चौथ्या दिवसापासून मी बोलायच्या आतच ती आकडा लिहून ठेवत होती आणि तो माझ्याशी जुळत होता.

चारशे बारा तुकडे. सत्तावन्न चुकीचे. त्यातले नऊ वाईट, बाकीचे सामान्य माणसाला दिसायचे नाहीत. सत्तावन्न लॉटांची यादी केली, खाली सही केली, आणि मॅनेजरपुढं ठेवली. ज्या गिऱ्हाइकांकडे ते नऊ लॉट गेले त्यांना कळवायचं, असंही लिहिलं. त्यानं यादी शेवटपर्यंत वाचली. म्हणाला, "बाई, ही यादी दिली नसती तर मी तुम्हाला दोन वर्षं अजून ठेवणार होतो. डोळे तर आता बरे होणारच आहेत." ते खरं असेल. तो खोटं बोलणारा माणूस नाही. मग म्हणाला की ही यादी वर गेल्यावर त्याला मला ठेवता येणार नाही. मी म्हटलं, यादी वर जाऊ दे.

गिऱ्हाइकांना पत्रं गेली. एकानं माल परत केला, दोघांनी आभार मानले, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. खोली पोरीकडे गेली. यंत्रही येणार आहे. मी तिला सांगून आले, यंत्र काय म्हणतं ते आधी बघू नकोस, आधी स्वतः बघ, मग यंत्राला विचार, आणि दोघांचं जुळलं नाही तर गच्चीवर जा. ती म्हणाली, "आणि गच्चीवरही जुळलं नाही तर?" मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला तरी वर बोलाव.

सोमवारी साडेआठला चपला घालून दारात उभी राहिले. पाच मिनिटांनी काढल्या. मंगळवारी तीन मिनिटांनी. बुधवारी घातल्याच नाहीत, पण दारात गेले. बघू.

डावा डोळा चार जूनला. पंधराला शनिवार आहे, मी तुमच्याकडे येते, चार दिवस राहीन. मागच्या खोलीत बसू. रंगाचे आकडे कुणी, कसे लावलेत ते मला आधी कळवू नकोस, आणि रिमोट माझ्या हातात देऊ नकोस, मी मागितला तरी. चेहरे कसे दिसतात ते आधी वहिनींनी सांगायचं, मग तू. मी त्यानंतर बोलेन.

ताई